टिळेकर सरांची चौथी ओळ

दुपारचे तीन. परीक्षेचे पेपर तपासून मी जरा आडवी होते. पंख्याची घरघर लांब लांब जाते, पापण्या जड होतात, आणि कुणीतरी म्हणतं, "हेमांगी, ऊठ. पाटी वाचायचीय."

आवाज टिळेकर सरांचा. मेसोपोटेमियाची ती खिळ्यांसारखी लिपी मला त्यांनीच शिकवली. त्यांना जाऊन चार महिने झालेत.

मी उठते ती आमच्या विभागाच्या व्हरांड्यात. सर पुढे चालतायत, पाठमोरे. ते वर्गाचं दार ढकलतात, तर आत दवाखान्यातली खोली. ते गेले तीच. पलंगावर चादर, चादरीवर मातीची पाटी.

"चौथी ओळ वाच," सर म्हणतात. वळत नाहीत.

त्या ओळीत एक मेलेला बाप लेकीशी बोलतो. एक शब्द अर्धा तुटलेला आहे. सगळे तो 'पाणी दे' असा वाचायचे. याच खोलीत, जायच्या आदल्या दिवशी, सर माझा हात धरून म्हणाले होते, "ते 'नाव घे' आहे गं. लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं. मग त्यावर लेख लिहिला, एकटीच्या नावानं. उद्या तो छपाईला जाणार आहे.

"वाच ना."

"लेकी, मी अंधारात आहे," मी वाचते. "माझं नाव घे."

"हा शब्द कुणी लावला?"

"सर..."

"कुणी?"

खोलीत आता बाकं आहेत. बाकांवर माणसं, सगळी पाठमोरी, एकेक माझ्याकडे वळू लागतात. मी भिंतीला चिकटते. सरही वळतात. त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही. भीती आहे, माझ्याहून जास्त.

"मला आठवतच नाहीये, हेमांगी," ते म्हणतात. "माझं नाव काय होतं? सांग ना गं."

मी तोंड उघडते. जीभ हलत नाही. ते जवळ येतात, माझ्या ओठांकडे बघत राहतात.

मी दचकून उठते. सव्वातीन. दातांखाली काहीतरी करकरतं. बोट घालून बघते: ओली, करडी माती.

चूळ भरायलाही थांबत नाही. संपादकांना फोन लावते.

"लेखावर एक नाव राहिलंय. माझ्या आधी घाला."

"कुणाचं, मॅडम?"

घशाशी आलेली माती मी गिळते, आणि सांगते.