हाफ टाईमचा फोन

नागसेन मनानं बधीर झाला, त्याला तीस वर्षं होत आली. तेव्हा तो हिंगणघाटच्या एका गिरणीच्या संघात फॉरवर्ड होता. बॉल त्याच्या पायाला लागला की समोरचा बॅक बावचळायचा. नागपूरच्या फायनलच्या सकाळी गावी त्याचे वडील वारले. निरोप मॅनेजरकडे आला आणि त्या भल्या माणसानं तो गिळून टाकला. नागसेननं दोन गोल केले, करंडक उचलला, मग त्याला सांगितलं. घरी पोचला तेव्हा माती आटोपली होती. त्या गोलांवर गिरणीत नोकरी पक्की झाली. पण तेव्हापासून त्याला ना कसला आनंद झाला, ना पुढे गिरणी बंद पडली त्याचं दुःख.

आता तो सिंदी रेल्वेच्या पोरींना फुटबॉल शिकवतो. कोच म्हणून चोख. दर वर्षी नव्या पोरींना ही गोष्ट सांगतो आणि वर शब्द देतो, "तुमच्या घरचं काही असलं, तर मी लपवनार नाई."

यंदा वर्ध्याला जिल्हा संघाच्या निवडीचा सामना होता. निवड करणाऱ्यांची नजर काजलवर होती. काजलचा बाप कवडू कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा, आणि पोरीच्या खेळाचं कौतुक साऱ्या हमालांना ऐकवायचा. हाफ टाईमला तिच्या काकाचा फोन आला.

"कवडू गेला, सर. छातीत दुखलं अन् बसल्या जागी गेला. पन घाई नका करू. समुद्रपूरवाले सोयरे येतपर्यंत आमी थांबून राह्यलो. मातीले संध्याकाळ होते."

नागसेननं काजलला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, संध्याकाळचंही.

"संध्याकाळपर्यंत हायेत ना, सर? मंग मले खेळू द्या. बाबाच म्हने, आज सिलेक्शन करूनच येजो."

"नाई. चाल, गाडीवर बस."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमच्या नागसेननं ताकाचं भांडंच लवंडून दिलं. संघ दुसऱ्या कोचच्या हवाली करून त्यानं मोटरसायकल काढली.

घरी पोचले तर दुपार नुसती पसरलेली. कवडू ओसरीत झोपवलेला. बाया येत होत्या, रडून भिंतीशी बसत होत्या. काजल बापाच्या पायाशी बसून राहिली. समुद्रपूरची माणसं आली तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि तेवढ्यातच तिला संघातल्या वर्षालीचा फोन आला. यादी लागली होती. काजलचं नाव नव्हतं.

काजल उठून अंगणात नागसेनजवळ आली. आवाज चढवला नाही.

"सर, तुमच्या बाबाचं राह्यलेलं तुमी माह्याकडून काऊन करून घेतलं?"

आतून कुणीतरी हाक मारली, "सर, या, खांदा द्या." तो गेला. खांद्यावर वजन आलं, तेवढं त्याला कळलं.