साक्षीत दिलेला सोफा

ज्या दिवशी आमच्या घरात सोफा आला, त्या दिवशी सगळं बदललं.

खांडबाऱ्याजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर. मला सोफा हवा होता तो मिरवायला नव्हे, वाचायला. (थोडा मिरवायलाही.) वीस वर्षं खाटेवर पडून वाचल्यामुळे माझ्या पाठीवर दोरीची नक्षी उमटली होती. अडचण एकच होती: बाबा. बाबा चर्चची घंटा वाजवत, आणि घरात नवी वस्तू आली की त्यांचा एकच प्रश्न असे, "हे प्रार्थनेच्या आड येईल का?" या परीक्षेत मिक्सर पास झाला होता. टीव्ही तीनदा नापास!

"नाही येणार, बाबा. भिंतीला टेकून गुपचूप राहील," मी म्हणालो. (घरी आम्ही मावची भाषेत बोलतो, भांडतोही. इथे मराठीत लिहिल्यामुळे सगळे जरा सभ्य वाटतील.)

नंदुरबारहून टेम्पो आला. टेम्पोवाल्याने सोफ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, सोफा मोठा शे, दार धाकलं शे. आते काय करानं?"

पुस्तकं वाचणारा माणूस दार मोजत नाही, हे त्याला कुठून माहीत असणार! शेवटी दाराशेजारचा कूड, म्हणजे बांबू विणून शेणमातीने लिंपलेली भिंत, उसवावा लागला. सोफा आत गेला. माझी बायको रिबका तोंडातून एक शब्द न काढता दोन दिवस भिंत लिंपत होती. तिचं न बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं.

लिंपण वाळेपर्यंत सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही, असा मी हुकूम काढला. स्वतःसुद्धा बसलो नाही. नुसता समोर खाटेवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो.

आणि बुधवार आला!

दर बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनेची घरसभा असते. पंचवीस माणसं सतरंजीवर बसतात. आता सतरंजीच्या जागी सोफा होता. चर्चचे पाळकसाहेब कसेबसे कोपऱ्यात शिरले. बाकीचे भिंतीला चिकटून उभे राहिले.

"बसा ना," मी जमिनीकडे हात करून म्हणालो. जमीन दिसत नव्हती.

शेजारच्या रतनमावशीने सोफ्याचं प्लास्टिक बोटाने टोचून पाहिलं. "मास्तर, ह्याच्यावर कोण बसणार?"

"पाहुणे."

"मग आम्ही कोण रे?"

मी गीतांचं पुस्तक उघडलं. (अवघड प्रश्न आला की मी पुस्तक उघडतो.) निम्मे लोक ओट्यावरून गाऊ लागले, निम्मे आतून. आतले तिसऱ्या कडव्यात पोचले तेव्हा बाहेरचे दुसऱ्यात होते, आणि ढोलकीवाला उंबऱ्यात बसून दोघांनाही शिव्या देण्याच्या बेतात होता! एवढ्यात आमची तांबडी कोंबडी आत आली, टुणकन उडाली आणि सोफ्यावर बसली. त्यावर बसलेला पहिला जीव!

"पाहुणी आली," मावशी म्हणाली.

मग पाळकसाहेबांनी गुडघे टेकायला सांगितलं. सगळ्यांनी टेकले, हात जोडले, डोळे मिटले. मी एक डोळा उघडून पाहिलं आणि गार पडलो. आतली, ओट्यावरची अख्खी मंडळी माझ्या सोफ्यापुढे गुडघे टेकून, माना खाली घालून बसली होती! आणि सोफ्यावर, सगळ्यांचं वंदन स्वीकारत, कोंबडी!

बाबांचाही एक डोळा उघडा होता. तो माझ्याकडे होता.

नंतर साक्षी सुरू झाल्या. ज्याला देवाने काही शिकवलं असेल त्याने उठून सांगायचं. मी सहसा उठत नाही. पण त्या डोळ्याने मला उठवलं. आणि एकदा उठलो की मास्तर थांबतो का!

"भावांनो, बहिणींनो, माझं इथे काही नाही! हे घर प्रभूचं, माझी पुस्तकं प्रभूची, हा सोफासुद्धा प्रभूचा!"

"आमेन!" सगळ्यात मोठा आवाज बाबांचा होता.

किती हलकं वाटलं! झोपही छान लागली.

सकाळी दारात बैलगाडी आणि चार माणसं. बाबा कूड उसवत होते.

"बाबा, हे काय?"

"प्रभूचा सोफा न्यायला आलेत."

"अहो, तशी बोलायची पद्धत असते!"

बाबा थांबले. "देवासमोर?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

मी मूर्खासारखं बोललो, "पण मी पुस्तकंही म्हणालो होतो, ती का नाही नेत?"

"अरे हो," बाबा म्हणाले. "पुढच्या बुधवारी बघू."

"साक्षीत माझं नाव घेतलं नाहीत, एवढी कृपा," रिबका म्हणाली आणि पुन्हा माती भिजवायला घेतली.

पुढच्या बुधवारी मी साक्ष दिली नाही. त्यानंतरच्याही नाही. सोफा चर्चमध्ये पुढे ठेवला गेला, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी. मी दर रविवारी सतरंजीवर बसून त्याच्याकडे बघायचो. बाबा सत्तरी ओलांडूनही त्यावर कधी बसले नाहीत. माझ्या शेजारी खाली बसायचे.

या हिवाळ्यात बाबा गेले. शवपेटी चर्चमध्ये पुढे ठेवली होती. पाळकसाहेबांनी माझा दंड धरला आणि मला सोफ्यावर बसवलं. मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. आणि बाबांसमोर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: खरंच मऊ आहे!

मला हसू फुटलं. मी तोंड रुमालात खुपसलं, खांदे हलत राहिले. रतनमावशी पाठ थोपटत म्हणाली, "रड बाबा, रड." आणि मग मी खरंच रडलो.

आता घंटा मी वाजवतो. बुधवारी घरात पंचवीस माणसं मावतात. मी खाटेवरच वाचतो. सोफा चर्चमध्ये आहे आणि बैलगाडीत चढवताना मी काढून ठेवलेलं त्याचं प्लास्टिक माझ्याकडे आहे. साक्षीत मी प्लास्टिकचं नाव घेतलं नव्हतं.