मंगळावरच्या एकोणीस शिव्या

लग्न होऊन पाच महिने झाले तरी ज्या सुनेच्या तोंडून ‘हो’, ‘नाही’ आणि ‘वाढू का?’ यापलीकडे चौथा शब्द घरात कुणी ऐकला नव्हता, तिने एका रविवारी सबंध चाळीला एकोणीस शिव्या ऐकवल्या. ती सून मी. हसा, खुशाल हसा. मला काही तेव्हा हसू आलं नव्हतं.

आमचं बिऱ्हाड अंबरनाथला, चाळीतल्या दोन खोल्यांत. घरात सासूबाई, मामंजी, हे आणि मी. हे कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढत. दिवसभर चाकं आणि दांडे. घरी आले की मंगळ! होय, आकाशातला मंगळ. ह्यांना एका दिवाळी अंकासाठी मंगळावरच्या माणसांची गोष्ट लिहायची होती. तिथे म्हणे हजार वर्षं पाऊस नाही. माणशी दिवसाला मोजके घोट पाणी, आणि त्यावरून मारामाऱ्या.

पक्की प्रत करायचं काम माझ्याकडे. ‘मुलीचं अक्षर चांगलं आहे’ एवढा एकच गुण माझ्या लग्नाच्या बोलण्यात सांगण्यासारखा निघाला होता. उतरवत गेले, तर पानोपानी कंस, मोजून एकोणीस. कंसात लिहिलेलं: येथे शिवी.

“अहो, हे काय?”

“भांडण आहे तिथे. शिवी हवी. मला सुचत नाही.”

“गाढव लिहा.”

“मंगळावर गाढवं कुठून आणू?”

“मग नराधम?”

“अगं, तो भांडतोय. कीर्तन नाही करत.”

हे स्वभावाने फार सभ्य. संतापले की चष्मा पुसतात, त्यापुढे मजल नाही. पण अक्कल बघा किती! म्हणाले, “माणूस ज्याला जपतो ना, तिथेच त्याला शिवी लागते. ही माणसं पाण्याला जपतात. तू भर त्या जागा.”

आता मला सांगा, पाच महिने तोंड शिवून बसलेल्या बाईला असं काम द्यावं का?

पाण्याला जपणं म्हणजे काय, हे बघायला मला मंगळावर जायची गरज नव्हती. चाळीच्या नळाला पहाटे तासभर पाणी. ते भरून झालं की सासूबाई पिंपात लाकडी पट्टी उभी बुडवून बघत. दुपारी पुन्हा पट्टी. संध्याकाळी पुन्हा पट्टी. माझं माहेर विहिरीचं. मला पहिल्या दिवशी वाटलं, काही धार्मिक विधी असेल!

आणि त्याच सुमारास बदलापूरहून बाबांचं कार्ड आलं. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत. खोकला वाढलाय, आठ दिवस येऊन गेलीस तर बरं वाटेल. बस, दोन ओळी. बदलापूर म्हणजे अंबरनाथच्या पुढचंच स्टेशन. पण सुनेला सासूबाईंनी ‘जा’ म्हटल्याशिवाय ते काशीहून लांब! मी कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्या म्हणाल्या, “बघू.” दुसऱ्या दिवशी बघू. चौथ्या दिवशीही बघूच.

ते सगळे ‘बघू’ माझ्या टाकात उतरले.

काय एकेक शिवी घडवली म्हणून सांगू! ‘गळक्या’ ही आपली किरकोळ, मुलांना घालायची. ‘तुझ्या दारात धुणं वाळो’, म्हणजे पाणी उधळलेलं साऱ्या गावाला दिसो, हा तळतळाट. कुणी चारचौघांत रडू लागलं की मंगळावर म्हणायचं, ‘फार पाणी झालंय का घरात?’ आईवरून शिवी लागतेच, तर ‘तुझी आई रोज आंघोळ करते!’ ही ऐकली की तिथे पुरुष सुरे काढतात.

पण सगळ्यांत वाईट शिवी मी शेवटी ठेवली. ‘घोटमोजी’. ‘ही दाराआड उभी राहते, कोण किती घोट प्यालं ते मनात टिपते, बोलत काही नाही आणि विसरतही काही नाही. अशा बाईच्या सावलीला मंगळावर कुणी बसत नाही.’ लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल. मला इतकं हलकं वाटलं, की त्या रात्री चक्क गाढ झोप लागली.

मला वाटलं होतं, गोष्ट पाकिटात जाईल आणि पाकीट मुंबईला. पण मामंजी पडले निवृत्त शाळामास्तर. घरातला कागद खणखणीत आवाजात वाचून दाखवल्याशिवाय पोस्टात टाकायचा नाही, ही त्यांची रीत. आणि ती मला माहीत नव्हती! रविवारी त्यांनी गॅलरीत खुर्ची टाकली. चाळीतल्या बायका धान्य निवडायला म्हणून तिथेच येऊन बसल्या. उल्हासनगरच्या कॅम्पातून पापड विकायला येणारी पोपटीबाई टोपली उतरवून बसली. हे कठड्याशी, सासूबाई उंबऱ्यात. मी दाराआड.

मामंजींनी घसा साफ केला आणि वर्गाला कविता शिकवावी तसं म्हणाले, “तुझी आई रोज आंघोळ करते!”

सासूबाई म्हणाल्या, “करतेच! त्यात ओरडायचं काय?”

गॅलरीत हशा फुटला. पोपटीबाई तर मांडीवर थापा मारत सुटली. “अरे भाऊ, ये मंगल नहीं, हमारी बॅरेक है! नल पे ऐसाच बोलते सब!” हसता हसता मध्येच ती गप्प झाली. पदराने डोळे पुसून म्हणाली, “उधर सिंध में घर के अंदर कुआँ था.” मग तिचं तिलाच कसंसं झालं असावं. “पढो, मास्तरजी, पढो,” म्हणाली.

मामंजी वाचत गेले. घोटमोजी आली. मी डोळे मिटले. कुणीच हसलं नाही.

वाचन संपल्यावर मामंजी म्हणाले, “गोष्ट ठीक. शिव्या मात्र अस्सल! कुठून सुचल्या रे?”

ह्यांच्या सभ्यपणाला सीमा नाही, म्हटलं ना मी? लगेच चष्मा काढून, कौतुकाने दाराकडे बोट दाखवून म्हणाले, “शिव्या सगळ्या हिच्या!”

धरणी दुभंगते म्हणतात, ती नेमकी अशा वेळी दुभंगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाळ मंगळावरचीच भाषा बोलायला लागली. नळावर हंडे आपटत बायका म्हणायच्या, “सरक गं गळके!” कुणीतरी कुणाला ‘घोटमोजी’ म्हणायची, की सगळ्या आमच्या दाराकडे बघून हसू दाबायच्या. आणि सासूबाईंनी पट्टी बुडवणं बंद केलं. पहाटेच्या घागरी ओतल्या, की दोन दिवस पिंपाकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. माझ्याशीही बोलणं नाही. बदलापूर आता मंगळापेक्षा लांब गेलं, हे मी ओळखलं. तिकडे बाबा खोकत असतील. आणि मी इथे काय केलं? विनोद केला!

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी हाक मारली. त्या पिंपाशी बसल्या होत्या, पुढ्यात माझी वळकटी बांधलेली.

“चारच्या गाडीने बदलापूरला जा. बाबा बरे होईपर्यंत राहा.”

मी जमिनीकडे बघत म्हटलं, “आई, ती घोटमोजी... मी तुमच्यावरून नाही...”

“माझ्यावरून?” त्यांनी खरंच नवलाने वर पाहिलं. “मी पाणी मोजते गं. पहाटे घागरी मी उचलते, मला मोजायलाच हवं. माणसांचे घोट कधी मोजले? दाराआड उभी कोण असते? बोलत कोण नाही? विसरत कोण नाही? चाळीतल्या बायकांनी ऐकल्याबरोबर ओळखलं. मला म्हणाल्या, तुमची सून स्वतःवर किती छान विनोद करते हो!”

मी वळकटीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

“मला वाईट वाटलं ते वेगळंच,” त्या हळूच म्हणाल्या. “पोर पाच महिने नुसती मोजत बसली आणि मला पत्ता नाही. त्या विचाराने दोन दिवस पट्टीसुद्धा हातात घेववली नाही. तिकडे बाबांशी तरी पोटभर बोल.”

वळकटी उचलून मी दारापर्यंत गेले आणि मागे वळून उभी राहिले. तळतळाटापासून आईवरच्या शिवीपर्यंत सगळी मंगळावरची भाषा मी एकटीने घडवली होती हो! ‘चुकलं माझं’ याला मात्र तिथे शब्दच ठेवला नव्हता. मग काय करणार? नेहमीसारखी मान हलवली आणि निघाले.