दत्तूची पाठ

“अवजार रोज बदलू द्या, नजर मात्र उसनी आणू नका.”

हौसेराव जगदाळे हे वाक्य दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ऐकवत आणि मग वर्षभर ऐकवतच राहत. फळ्यावरही लिहीत, आणि अक्षर असं वळणदार की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबे. हात मूळचा पेंटरचा. माण तालुक्यातून ते वाशीच्या एपीएमसी मार्केटात आले ते गाळ्यांच्या पाट्या रंगवायला. मग ब्रशचे दिवस सरले, रेडियमची कापून चिकटवायची अक्षरं आली. रेडियम मागं पडलं, फ्लेक्स आला, आणि फ्लेक्सपाठोपाठ व्हिडिओ. दर खेपेला हौसेराव निम्म्या वयाच्या पोरांशेजारी स्टुलावर बसले आणि पहिलीपासून शिकले. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून कुठलं बटण कुठल्या कोपऱ्यात आहे ते गावाकडच्या बांधांसारखं ध्यानात ठेवलं.

आता ते कोपरखैरण्याच्या एका डिजिटल मीडियाच्या संस्थेत शिकवत होते. पोरांना सांगत, “माझं काम तीनदा बदललं. तुमचं तीसदा बदलंल. भिऊ नका.”

संस्था इंद्रजितची. हा त्यांचा पहिला चेला. रेडियमच्या टपरीत कटर धरायला त्यांनीच शिकवलेला. आता त्याची काचेची केबिन होती, पण हौसेरावांना तो अण्णाच म्हणायचा आणि दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन अजून त्यांच्या पाया पडायचा.

हौसेरावांचा एक रिवाज होता. प्रत्येक पोरानं आपल्या घरातल्या एका कष्टकरी माणसाची एक मिनिटाची फिल्म काढायची. आधी पाय, मग हात, मग पाठ. चेहरा सगळ्यात शेवटी. “चेहऱ्याला कॅमेरा समजतो, तो लगेच खोटं बोलाय लागतो,” ते म्हणत, “पाठीला न्हाई समजत.”

संघमित्रा ही त्यांची सगळ्यात गुणी पोर. तिचा बाप दत्तू परभणीकडचा, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. अकरा दिवस ती बापाच्या मागं मागं फिरली. दत्तूचा उजवा गुडघा दुखरा, म्हणून गोणी घेतली की तो डावीकडं झुकायचा आणि काही पावलांनी खांदा असा झटकायचा, जशी गाय माशी उडवते. ती झटक पोरीनं बरोबर धरली होती. हौसेरावांनी ती फिल्म तीनदा पाहिली आणि चष्मा पुसत बसले.

त्यानंतर इंद्रजितनं कागद आणले. “अण्णा, पोरांच्या फिल्म कायम जपून ठेवायच्यात. घरच्यांच्या सह्या पाहिजेत. तुमच्या शब्दावर देतील, माझ्या नाही देणार.” कागद चार पानांचा, इंग्रजी. पहिलं पान इंद्रजितनं वाचून दाखवलं. उरलेली तीन हौसेरावांनी विचारली नाहीत. पोटच्या पोरासारख्या चेल्याला कोण विचारतं?

ते स्वतः शाईचा पॅड घेऊन घरोघर गेले. दत्तू म्हणाला, “मास्तर, काय लिव्हलंय ह्यात?”

“पोरीचं काम पोरीचंच राहील. माझा शब्द.”

दत्तूनं अंगठा पुढं केला.

याला दोन वर्षं झाली. परवा संघमित्रा महाप्याच्या एका कंपनीत मुलाखतीला गेली आणि दुपारीच हौसेरावांच्या वर्गात आली. वर्ग सुटला होता. ती पहिल्या बाकावर बसली.

“काय झालं गं?”

“सर, मी चोर आहे म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

“मी फिल्म लावली तर हसायला लागले. त्यांच्याकडं एक नवीन मशीन आहे, दोन ओळी लिहिल्या की व्हिडिओ बनवून देतं. त्यांनी लावून दाखवला. तेच मार्केट, सर. तोच उजेड. पप्पांची पाठ, पप्पांची झटक. आणि माणूस वळला तर चेहरा दुसऱ्याचाच. गोरा, दाढीवाला. मला म्हणाले, यावरून उचललंस ना?”

हौसेरावांनी खडू ठेवला आणि केबिनमध्ये गेले.

इंद्रजितनं काही लपवलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं. “दिल्या फिल्म, त्या मशीनला शिकवायला. सगळ्या तुकड्यांच्या दिल्या. महाप्याच्या त्याच कंपनीला. चौथ्या पानावर आहे अण्णा, आणि सह्या तर तुमीच आणल्यात.”

“परत माग.”

“आता कशा परत मागू? दुधात विरजण पडलं. ते वेगळं काढून देता येतं का?”

“मग एक पत्र दे. फिल्म पोरीची हाय, आपण दिली, एवढंच लिही. तिच्यावरचा आळ जाऊ दे.”

इंद्रजित खुर्चीत मागं रेलला. “असं पत्र दिलं तर उद्या सगळे आई-बाप दारात. टेन्शन घेऊ नका ना. तिला इथंच चिकटवतो. आणि त्या मशीनचा नवीन कोर्स काढतोय, शिकवायला तुमीच. तुमचंच वाक्य टाकलंय जाहिरातीत. बघा तर.”

त्यानं पडदा त्यांच्याकडं वळवला. वाक्य होतं, अक्षरही हुबेहूब त्यांचंच होतं. पण ते हौसेरावांच्या हातचं नव्हतं, मशीननं काढलेलं होतं.

ते वर्गात परतले. एक कोरा कागद घेतला आणि पाटी रंगवताना लावत तेवढा वेळ लावून स्वतःच्या हातानं लिहिलं: ही फिल्म संघमित्रानं काढली. ती तिच्या नकळत कंपनीला देण्यात आली. सह्या मी आणल्या, कागद न वाचता आणल्या. खाली नाव, गाव, तारीख.

“सर, हातानं लिहिलेलं कोण मानणार?”

“न मानू दे. तू दाखव. मला बोलावलं तर मी येतो.”

तिनं कागद घडी करून सर्टिफिकिटांच्या फाइलमध्ये ठेवला. मग दोघं मार्केटात गेले.

दत्तू गाडीपाशी होता. हौसेरावांनी सगळं सांगितलं, चौथ्या पानासकट. आजूबाजूला कांद्याची सालं उडत होती. दत्तूनं डोक्यावरचा फडका सोडला, पुन्हा बांधला.

“म्हंजे पाठ ठेवली अन् तोंड टाकून दिलं?”

“व्हय.”

“त्या साहेबाचं मला काही नाही, मास्तर. मी त्याला वळखत नाही.” दत्तू थांबला. “मी तुमच्या तोंडाकडं बघून अंगठा लावला होता.”

हौसेरावांनी हात जोडले. दत्तूनं हात जोडले नाहीत. गाडीवरच्या माणसानं हाक दिली तसा तो वळला आणि गोणीखाली पाठ दिली. संघमित्रा “सर” म्हणाली, पण हौसेराव निघाले होते. त्यांच्याकडं असायच्या त्या संस्थेच्या किल्ल्या, इंद्रजितला परत द्यायला, त्यांनी तिच्या हातातल्या फाइलवर ठेवल्या होत्या.

गोणी पाठीवर असली की मान वर करता येत नाही. दत्तूला दिसल्या त्या नुसत्या चपला, टाचेला झिजलेल्या, रंगाचा एक जुना निळा ठिपका अजून पट्ट्यावर असलेल्या. त्या सालांवरून सावकाश गेट नंबर दोनकडं गेल्या. दत्तूनं खांदा झटकला आणि त्या इतर चपलांत मिसळेपर्यंत तो तसाच, ओझ्यासकट, उभा राहिला.