डोंगरावरचं लाळेरं

माझा देवावर विश्वास नव्हता असं नाही. देवाची गरज पडेल असं वाटत नव्हतं, एवढंच. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात पदवी घेतलेला मी पहिला. कोरडवाहू रानात बाजरी करणाऱ्या घरातला मुलगा बी.एस्सी. होतो, नगरच्या कारखान्यात लागतो आणि कारखाना त्याला काम शिकायला जपानला धाडतो, हे सगळं माझं मी मिळवलेलं आहे अशी माझी पक्की समजूत होती. त्याचा अभिमान होता, आजही आहे. निघताना आईनं भंडाऱ्याची पुडी हातात दिली तेव्हा मी म्हणालो, "आई, तिकडं हळद खिशात घेऊन हिंडलो तर लोक हसतील मला." आई म्हणाली, "हसू दे की. हसल्यानं काय त्यांचं दात पडत्यात? खंडोबा काय जड हाय व्हय तुला?"

सौ.ला तेव्हा पाचवा महिना होता. आमचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. त्या वेळी घरातल्या बायकांनी हौसेनं आधीच झबली-टोपडी शिवून ठेवली होती. ती पेटीतून बाहेर कुणी काढायची, याचंच पुढे सगळ्यांना भय वाटायचं. म्हणून या खेपेला आईची सक्त ताकीद होती की बाळ येईपर्यंत घरात त्याच्या नावाची चिंधीसुद्धा यायची नाही. मी आपलं सहज म्हणालो, "येताना जपानी कपडे आणतो," तर आईनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "पोर जगात आल्याबिगर त्याच्या कापडाला हात लावायचा न्हाई. तुझी बीयश्शी ऱ्हाऊ दे बाजूला." मी हसलो, पण सौ. हसली नाही. तिनं मान खाली घातली, ते मला विमानात बसेपर्यंत दिसत राहिलं.

ते दुष्काळाचं वर्ष. घरून येणाऱ्या पत्रांत पावसाखेरीज दुसरं काही नसायचं. आठवा महिना लागला आणि एका शनिवारी संध्याकाळी भावाची तार आली: वहिनीला नगरच्या दवाखान्यात नेलं आहे, पुढचं कळवतो. बस्स. कोणता दवाखाना, काय झालं, काहीच नाही. सातव्यातलं पोर वाचतं, आठव्यातलं वाचत नाही, असं आमच्याकडच्या बायका म्हणतात. हे खुळचट आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी रात्रभर तेच वाक्य कानात वाजत राहिलं.

रविवारी कारखान्याला सुटी. माझ्या मशीनवरचा सोबती तानाका सकाळीच होस्टेलवर आला. त्याचं इंग्रजी माझ्याहून मोडकं, पण भिंतीकडे बघत बसून तार लवकर येत नाही, एवढं त्यानं मला बरोबर समजावलं आणि ओढतच बाहेर काढलं. रेल्वेनं आम्ही आसुकाला गेलो. जपानची फार पुरातन राजधानी ती. आता नुसतं खेडं. भातखाचरांच्या मधूनमधून जुन्या देवळांची जोती आणि राजांची थडगी. त्याच वर्षी एका थडग्यात रंगीत भित्तिचित्रं सापडली होती, त्यामुळे माणसांची रीघ लागलेली. तानाका हौसेनं सांगत होता. माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

मग आम्ही अमाकाशी नावाच्या टेकडीवर चढलो. वरून सगळं खोरं दिसतं. पिवळं पडलेलं भात, काळी कौलं, आणि सपाटीत कुणी आणून ठेवावेत तसे तीन छोटे डोंगर. नगरला चांदबिबीच्या महालावरून बघताना वारा असाच अंगावर येतो. एरवी मी तासभर तिथून हललो नसतो. त्या दिवशी मला ते भरलेलं शिवार बघवेना. तानाकानं माझा चेहरा पाहिला. "तू इथंच थांब. मी खाली जाऊन होस्टेलला फोन करतो," असं खुणांनी सांगून तो पळाला.

तो दिसेनासा झाला आणि माझा धीरच सुटला. बातमी आली असेल तर? ती मी उभ्यानं कशी ऐकणार? बसवेना म्हणून त्याच्या मागं निघालो आणि भलत्याच पायवाटेला लागलो. थोड्या वेळात दोन्हीकडे नुसता बांबू. वाट विचारायची तर भाषा येत नाही. मी हाका मारल्या. माझाच आवाज मला परका वाटला.

वळणावर एक म्हातारी दिसली. रस्त्याकडेला गुडघाभर उंचीचा एक दगडी देव होता. लहान मुलासारखा गोल चेहरा, आणि गळ्यात लाल लाळेरं. ती म्हातारी जुनं विटलेलं लाळेरं सोडून त्याला नवं बांधत होती. मी जागीच खिळलो. बायाबापड्या आपल्या लेकरांसाठी हे बांधतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. खिशात हात गेला, तार आल्यापासून तिथं ठेवलेली आईची पुडी सोडली आणि त्या देवाच्या पायांशी भंडारा वाहिला. वाहिल्यावर धसका बसला, की परक्या मुलखातला देव, आपण हे काय करून बसलो! पण म्हातारीनं पिवळ्याधमक पायांकडे बघितलं आणि देवाला वाकून नमस्कार केला. मग मला काहीतरी विचारलं. हात जमिनीपासून थोडा वर धरला, म्हणजे मूल केवढं? मी मान हलवली आणि पोटावरून गोल हात फिरवला. माझे डोळे भरून आले होते. तिनं टोपलीतून दुसरं नवं लाळेरं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी दोन पावलं मागं सरलो. आईचा हात पुन्हा तोंडावर आल्यासारखं झालं. घ्यावं तर अपशकुन, न घ्यावं तर देवाच्या दारातलं दान नाकारलं. शिकलेलं सगळं चाळून झालं, कशाचाही उपयोग नव्हता. शेवटी मनात म्हटलं, 'खंडेराया, मला यातलं काही कळत नाही. तुझं तू बघ.' आणि ओंजळ पुढे केली. तिनं त्यात ठेवलेलं लाळेरं नीट घडी करून मी खिशात ठेवलं.

म्हातारीनंच मला खाली आणलं. रस्त्याला लागतो तोच तानाका समोरून धावत आला. "गर्ल! गर्ल!" असं ओरडत त्यानं मला मिठीच मारली. आम्ही निघाल्यावर होस्टेलवर तार आली होती: काल रात्री मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी म्हातारीला वाकून नमस्कार केला. तानाकानं म्हातारीला सगळं सांगितलं, तशी ती खूप हसली आणि काहीतरी बोलली. मला वाटलं, आशीर्वाद असेल. तानाका म्हणाला, "ती म्हणते, बाळाला घालायच्या आधी धुवा. नव्या कापडाला खळ असते."

घरी परतल्यावर ते लाळेरं मी भीत भीतच आईपुढे ठेवलं. जन्माची बातमी कळायच्या आधीच हातात घेतलं होतं, हेही सांगून टाकलं. आईनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "येड्या, पोरगी तर आदल्या रातीच आल्ती. तू डोंगरावर साकडं घालत हुतास, तवा देव काम उरकून हात धुऊन बसला हुता. तुला कळायचं ऱ्हायलं हुतं, येवढंच."

जीव टांगणीला लागण्याचे प्रसंग पुढेही आले. काळजी मी आजही करतो. स्वभाव कुठे जातो? पण आईचं ते बोलणं आठवतं आणि हात जोडताना मागणं थोडं कमी होतं. लेकीनं ते लाळेरं दात येईपर्यंत वापरलं. विटून गेलेलं ते कापड आमच्या देव्हाऱ्यात आहे, भंडाऱ्याच्या वाटीखाली. रोज पूजेला बसलो की आधी ते सारखं करतो.