करंजाचं डिझेल

नव्वदच्या दशकात माझा मोठा भाऊ रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. शिफ्ट संपवून गाडीने आमच्या गावी, जित्याला उतरला की पडवीत विजेच्या शेगडीवर तेलाचा डबा चढवायचा. करंजाच्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून डिझेल करायचं, शेतातलं खारं पाणी उपसायचं इंजिन त्यावर चालवायचं, हे त्याचं खूळ. बिया गोळा करायच्या, फोडायच्या, वाळवायच्या मी. माझी बारावी झाली होती, पेणच्या कॉलेजात जायचं होतं. दादा म्हणाला, "आधी डिझेल जमू दे, मग जा." मी हो म्हटलं. अक्कल कुठे गहाण ठेवली होती देव जाणे.

जमत नव्हतं. तळाला काळं ग्लिसरीन बसायच्या ऐवजी सगळ्या डब्याचं पिठलं व्हायचं. दर वेळी दादाचं एकच, "बिया ओल्या राहिल्या गो. तुझं लक्षच नाय." मी मुकाट्याने पुन्हा वाळवायची. असे दोन जून गेले. मैत्रिणी सेकंड इयरला पोचल्या.

दादा तापमानाचा काटा पासष्ट अंशांवर धरायचा, कारण कंपनीत तसाच असतो. झाकण मात्र उघडं, आणि स्पिरिटसारखा वास पार रस्त्यापर्यंत. मी म्हटलं, "मिथेनॉल उडून चाललंय, दादा. कंपनीत वाफ थंड होऊन परत येत असेल."

"तू मला कंपनी शिकवनार?"

काट्याकडे बघत आठ तास बसणाऱ्याला वाफ कुठे जाते ते ठाऊक नव्हतं. खाडीकाठच्या खाजणातल्या हातभट्टीवाल्याला होतं. तो वाफ नळीत थंड करून धरतो, एक थेंब वाया जाऊ देत नाही.

एकदा दादा सकाळच्या शिफ्टला गेल्यावर मी झाकण कणकेने लिंपलं, त्यात तांब्याची लांब नळी उभी बसवली, तिला ओलं फडकं गुंडाळलं आणि काटा पंचावन्नाच्या वर जाऊ दिला नाही. दुपारनंतर तळाला काळा थर बसला, वर पातळ पिवळं डिझेल. बिया त्याच, ज्यांना तो ओल्या म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी इंजिन चाललं. शेजारी जमले. दादा त्यांना सांगत होता, "बिया नीट वाळल्या की झालं, दुसरं काय नाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी सगळ्यांसाठी चहा ठेवायला आत गेले. मला कॉलेज हवं होतं.

माणसं पांगल्यावर विचारलं, "दादा, फॉर्म आणू?"

तो खरोखरच चकित झाला. "आता? आता तर जमलं. तू गेलीस तर हे करनार कोन?"

आतून आई म्हणाली, "व्हय गो, खरंच."