दोनदा वर आलेला हात

पत्रक वाटायचं कसं, हे मी लातूरला कॉलेजात असताना शिकले. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, एक वाक्य बोलायचं, कागद हातात द्यायचा. कुणाला गाळायचं नाही. पुढे हेच मी नव्या पोरींना शिकवलं, आवाज चढवून.

त्या सकाळी नांदेडच्या भाजीबाजारात मी एकटीच वाटत होते. मागणी साधी होती, बाजारात बायकांसाठी मुतारी हवी. पहाटेपासून इथं राबणाऱ्या बायका पाणी पीत नाहीत, कारण जायला जागाच नाही. याचा मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही. रविवारी सकाळी आठला सभा होती. या बायकाच आल्या नाहीत, तर आमच्या निवेदनाला कुणी विचारणार नव्हतं.

गठ्ठा निम्मा संपला, तेव्हा बाजार झाडणारी बाई समोर येऊन उभी राहिली. हातात चुरगळलेलं पत्रक, कचऱ्यातून उचललेलं.

"काय गं पोरी, सगळ्याइला वाटून राहिली, मलाच न्हाई?"

"राहिलं असेल, मावशी."

"राहिलं न्हाई. दोनदा तुझ्या म्होरून गेले. दोन्ही टायमाला हात वर आला अन् खाली गेला."

मला तिला पाहिल्याचंसुद्धा आठवेना. पण डोळ्यांनी झाडू पाहिला असणार, आत कुठंतरी 'हिला वाचता येत नाही' असं ठरलं असणार आणि हात खाली आला असणार. मला न विचारता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

"सातवी झालीय माझी," ती म्हणाली. "सकाळी आठला आम्ही झाडून राहतो. भाजीवाल्या गिऱ्हाईक सोडून येतील व्हय? सभेला कोण, तुमच्या कॉलेजच्या पोरी?"

"मग कधी ठेवू?"

"तीनला. पेन काढ. आधी वाटलेल्या बायाइला नवी वेळ मी सांगते, समद्या वळखीच्या हायत."

पायरीवर बसून आम्ही उरलेल्या पत्रकांवर वेळ बदलली. त्यातली निम्मी तिनं काखेत मारली.

मी पुन्हा वाटू लागले. कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या म्हातारीपाशी हात थांबला. या वेळी कळलं, पण थांबल्यावर. पत्रक पुढं केलं.

"मला न्हाई येत बाई वाचाया. तूच वाच."

मी खाली बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचलं.

"तीनला व्हय?" ती म्हणाली. "येते."